रात्रीत उतरणारी बॅटरी : जुन्या गाडीतली करंटची गळती कशी शोधायची

शनिवारी संध्याकाळी बिनतक्रार चाललेली गाडी सोमवारी सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसती ‘टक टक’ करते. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर लावला की सुरू होते आणि मग दिवसभर काही त्रास नाही. पुन्हा दोन दिवस उभी राहिली की पहिले पाढे पंचावन्न. अशा वेळी बॅटरीच्या दुकानात गेलात तर नवी बॅटरी गळ्यात पडते, गॅरेजमध्ये गेलात तर बहुधा ‘डायनमो’ खोलला जातो. दोन्हींपैकी एखादा उपाय बरोबरही निघतो, पण तो नशिबाने. गाडी बंद असताना कोणीतरी बॅटरीतून करंट ओढत असेल तर नवी बॅटरीही महिन्याभरात तशीच उतरणार.

हे शोधायला मोठी यंत्रं लागत नाहीत. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट, मगरचिमट्यांच्या दोन वायरी, कागद-पेन आणि सुट्टीची एक निवांत सकाळ पुरते. इथे डोळ्यांसमोर आहेत त्या साधारण १९९० ते २०१० या काळातल्या गाड्या : मारुती ८००, झेन, जुनी अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका आणि त्यांच्या पिढीतल्या इतर. या गाड्यांत कंट्रोल मॉड्यूल (लॉक, दिवे वगैरे सांभाळणारे छोटे कॉम्प्युटर) कमी आणि वायरिंग सरळ असतं. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या आजच्या गाड्यांना ही पद्धत जशीच्या तशी लावू नका.

आधी बॅटरीची चौकशी

गळती शोधायला बसण्याआधी गळती आहे हे तरी सिद्ध व्हायला हवं. बॅटरी चार्जरवर लावून पूर्ण चार्ज करा. चार्जर काढल्यावर लगेच मोजू नका, आकडा फुगलेला दिसतो. तीन-चार तास जाऊ द्या आणि मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून दोन टर्मिनलवर मोजा. १२.६ किंवा थोडं जास्त म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी.

आता निगेटिव्ह केबल सोडवून बाजूला करा आणि गाडी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी पुन्हा मोजा. काहीच जोडलेलं नसताना बॅटरी १२.६ वरून १२.२ वर आली, तर गुन्हेगार बॅटरीच आहे आणि या लेखाचा पुढचा भाग वाचायची गरज नाही. आकडा जागेवर असेल आणि केबल जोडलेली असतानाच बॅटरी उतरत असेल, तर गळती गाडीत आहे. ही चाचणी इतकी साधी आहे की बरेच जण ती करतच नाहीत.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता दाखवणाऱ्या नळीने) सहाही घरांचं ॲसिड तपासा. पाच घरं १२४०-१२५० च्या आसपास आणि एक ११५० दाखवत असेल तर ते घर गेलं. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी तरी थकली आहे किंवा टर्मिनल-अर्थिंगचा जोड तरी सैल आहे. आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील तर दुखणं चार्जिंगचं आहे. रोज तीन किलोमीटर, तेही एसी, हेडलाइट आणि वायपर लावून ट्रॅफिकमध्ये रखडणाऱ्या गाडीची बॅटरी कसलीही गळती नसताना हळूहळू उपाशी मरते, हेही लक्षात असू द्या.

बॅटरीचा माथाही बघून घ्या. धूळ, ॲसिडचा ओलावा आणि टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी मिळून एक थर तयार होतो आणि त्यातून करंट एका टर्मिनलकडून दुसऱ्याकडे वाहतो. मीटरची काळी टोकणी निगेटिव्हवर ठेवा आणि लाल टोकणी प्लास्टिकच्या माथ्यावर फिरवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर झाकणं घट्ट लावून खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने माथा पुसा, मग साध्या पाण्याने, मग कोरडा करा. सोड्याचं पाणी आत जाता कामा नये, ते ॲसिड मारतं. पावसाळ्यात ही गळती वाढते.

किती गळती चालते

बंद गाडी थोडा करंट घेतेच. घड्याळ, स्टिरिओची मेमरी, इंजिनचा कॉम्प्युटर, रिमोट लॉकचा रिसीव्हर हे सगळे थेंबाथेंबाने पितात. या वयाच्या गाड्यांत २० ते ५० मिलीअँपिअर ठीक समजायचं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत फक्त घड्याळ आणि स्टिरिओ असेल तर त्याहूनही कमी.

हिशोब असा. ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर (एक अँपिअर करंट तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर). छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते, म्हणजे कागदावर २९ दिवस. पण सेल्फ फिरवायला बॅटरी निम्मी तरी भरलेली हवी, म्हणून खरी मुदत दोन आठवडे. गाडी सोसायटीत लावून महिनाभर गावी गेलात आणि परतल्यावर ती सुरू झाली नाही, तर त्यात बिघाड काहीच नाही.

डिक्कीतला ५ वॅटचा एकच बल्ब पेटत राहिला तर ०.४ अँपिअर जातो. दिवसाला १० अँपिअर-अवर. दोन दिवसांत गाडीने मान टाकली म्हणून समजा. ‘शनिवारी चालू, सोमवारी बंद’ हे लक्षण साधारण याच आकड्याशी जुळतं. एका रात्रीत उतरत असेल तर गळती एक-दोन अँपिअर किंवा अधिक असणार, आणि आठवड्याने उतरत असेल तर शंभर-दीडशे मिलीअँपिअरच्या घरात. मीटर हातात घेण्याआधी हा अंदाज बांधून ठेवा, पुढे वेळ वाचतो.

मीटरशिवाय दिसणाऱ्या गोष्टी

रात्री दिवे नसतील अशा जागी गाडी लावा, किल्ली काढा, दारं बंद करा आणि एक फेरी मारा. मागे लाल उजेड दिसतो का ते आधी बघा. ब्रेकच्या पेडलवर, स्विचची दांडी जिथे टेकते तिथे, रबराची किंवा प्लास्टिकची छोटी टिकली असते. वीस वर्षांनी ती ठिसूळ होऊन गळून पडते, दांडी भोकातून आरपार जाते आणि ब्रेक लाइट पेटलेलेच राहतात. २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर. पायाशी प्लास्टिकचे बारीक तुकडे पडलेले दिसले तर शोध तिथेच संपला. तिच्या जागी येणारी टिकली अगदी किरकोळ किमतीला मिळते.

डिक्कीचा दिवा बंद होतो का हे बाहेरून कळत नाही. मोबाइल व्हिडिओवर लावून आत ठेवा, डिक्की बंद करा, अर्ध्या मिनिटाने काढून बघा. ग्लोव्ह बॉक्समध्ये दिवा असेल तर तिथेही तेच. काही वेळा झाकण बंद केल्यावर दहा मिनिटांनी हात लावून बघितलं तरी पुरतं : पेटलेला बल्ब गरम लागतो.

सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडून अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या, गॅरेजवाले ‘डायनमो’ म्हणतात त्या भागाला, हात लावा. रात्रभर उभी असलेल्या गाडीचा अल्टरनेटर आजूबाजूच्या लोखंडाइतकाच गार हवा. तो कोमट लागला तर आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला आहे आणि बॅटरीचा करंट उलटा त्यातून वाहतोय. दुसरी खूण : किल्ली काढलेली असताना अल्टरनेटरच्या पुलीच्या नटाला किंवा मागच्या बेअरिंगजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवा. लोहचुंबकासारखं जोरात ओढलं गेलं तर आतल्या फिरत्या गुंडाळीला करंट मिळतोय. तो गाडी बंद असताना मिळायला नको.

मग बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर किती वायरी आल्या आहेत ते मोजा. कंपनीने दिलेल्या जाड केबल्स सहज ओळखू येतात. त्यांच्या जोडीला बोल्टाखाली दाबलेल्या, टेप गुंडाळलेल्या, वेगळ्याच रंगाच्या बारीक वायरी दिसल्या तर एकेक कुठे जाते ते बघा. माझं ठाम मत आहे की जुन्या गाडीत कंपनीच्या वायरिंगपेक्षा नंतर जोडलेल्या वस्तूंवर आधी संशय घ्यावा. पंधरा वर्षांत गाडीचे दोन-तीन मालक झालेले असतात आणि प्रत्येकाने काही ना काही बसवलेलं असतं : फॉग लॅम्प, म्युझिकल हॉर्न, ॲम्प्लिफायर, रिव्हर्स कॅमेरा, सीएनजी किट, रिमोट लॉक. पूर्वी टूरिस्ट परमिटवर धावलेल्या गाडीत डॅशबोर्डमागे जुना जीपीएस ट्रॅकर अजून जिवंत असू शकतो. काचेवरच्या फास्टॅगवर मात्र कोणी आळ घेऊ नये. त्याला गाडीच्या बॅटरीशी देणंघेणं नाही, टोलनाक्यावरच्या रीडरच्या लहरींवर तो चालतो.

मीटर जोडण्याआधी बल्ब

इथे सावकाश काम करा. हातातली अंगठी, बांगडी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरी नुकतीच चार्ज केली असेल तर तिच्याजवळ ठिणगी पडू देऊ नका, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. एका दाराची काच खाली करून ठेवा आणि किल्ली खिशात ठेवा, सेंट्रल लॉक आपोआप लागलं तर पंचाईत नको.

सगळं बंद करा, दारं लावा. बॉनेट उघडं राहणार, म्हणून बॉनेटखाली दिवा किंवा अलार्मचा स्विच असेल तर तो दाबलेल्या स्थितीत टेपने चिकटवा. आता निगेटिव्ह केबल सोडवा आणि टर्मिनल व केबल यांच्यामध्ये २१ वॅटचा बल्ब मगरचिमट्यांनी जोडा. पहिल्या क्षणी बल्ब लुकलुकला तर घाबरू नका, स्टिरिओसारख्या वस्तूंमधले कपॅसिटर भरतात तेव्हा तसं होतं.

बल्ब लख्ख पेटून राहिला तर गळती अँपिअरमध्ये आहे. मीटर लावू नका, आधी मोठा चोर शोधा. बल्ब मंद लालसर दिसला तर काहीशे मिलीअँपिअर. अजिबात पेटला नाही तर गळती लहान आहे किंवा नाही, आणि आता मीटर निर्धास्त लावता येईल. बल्बाचा फायदा असा की तारा थेट शॉर्ट असल्या तरी त्यातून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त जात नाही. मीटरला ही दयामाया नसते.

मीटर जोडताना

१. लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात, काळी कॉममध्ये, आणि चकती १० अँपिअरवर. बाजारातल्या स्वस्त मीटरवर या भोकाशेजारी ‘अनफ्यूज्ड’ असं छापलेलं असतं, म्हणजे चूक झाली तर मध्ये फ्यूज वाचवायला येणार नाही.

२. निगेटिव्ह टर्मिनल आणि सोडवलेली केबल यांच्यामध्ये साधी मगरचिमट्यांची वायर जोडा, मग बल्ब काढा. करंट आता या वायरीतून चालू आहे.

३. मीटरची लाल टोकणी केबलला, काळी टर्मिनलला, दोन्ही चिमट्यांनी घट्ट. उलटं जोडलं तर आकड्याआधी उणे चिन्ह दिसेल, एवढंच.

४. आता मधली वायर काढा. सगळा करंट मीटरमधून जाऊ लागला.

अँपिअरवर ठेवलेला मीटर चुकूनही बॅटरीच्या दोन टर्मिनलवर थेट टेकवू नका. त्या स्थितीत मीटर म्हणजे निव्वळ एक तार असते. वायरी वितळतात आणि बोटं भाजतात. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर नाहीच. आणि व्होल्टेज मोजायला परत जाताना लाल वायर आधी १० अँपिअरच्या भोकातून काढा. गडबड होते ती बहुतेक इथे.

आकडा लगेच लिहून घेऊ नका. रिमोट लॉक असेल तर गाडी लॉक करा आणि थांबा. या पिढीतल्या बहुतेक गाड्या काही मिनिटांत शांत होतात, तरी अर्धा तास दिलेला बरा. आकडा ०.०३ किंवा ०.०४ वर स्थिरावला तर तुमची गाडी या क्षणी निर्दोष आहे. (स्वस्त मीटर १० अँपिअरवर १० मिलीअँपिअरच्या पायरीने मोजतो, इथे त्याने काही बिघडत नाही.) बारीक मोजण्यासाठी २०० मिलीअँपिअरवर जाण्याचा मोह होतो. पण तेव्हा कोणी दार उघडलं की केबिनचा दिवा लागतो आणि मीटरचा आतला फ्यूज उडतो.

क्लॅम्प मीटर असलेल्यांनी तो डीसी मोजणारा आहे का ते बघावं. घरगुती वायरिंगसाठीचे बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या केबलवर शून्य दाखवून दिशाभूल करतात.

आकडाच बोलतो

फ्यूज उपटायला धावण्याआधी आकड्याकडे जरा बघत बसा. ०.४ च्या आसपास अगदी स्थिर आकडा म्हणजे ५ वॅटचा एक बल्ब : डिक्की, ग्लोव्ह बॉक्स किंवा नंबर प्लेट. ०.८ म्हणजे १० वॅटचा केबिनचा दिवा, किंवा ५ वॅटचे दोन. साडेतीन म्हणजे ब्रेक लाइट. ०.१२ ते ०.१८ हा रिलेच्या (थोड्या करंटवर चालणाऱ्या चुंबकी स्विचच्या) कॉइलचा आकडा आहे, कारण १२ व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल ८०-१०० ओहमची असते. एखादा रिले विनाकारण ओढून धरलेला आहे, असा त्याचा अर्थ. ठरावीक वेळाने उडी मारून परत खाली येणारा आकडा दिसला तर ट्रॅकर, अलार्म किंवा झोप न लागणारा एखादा मॉड्यूल. आणि दोनशे-तीनशे मिलीअँपिअरवर हळूहळू खाली-वर तरंगणारा आकडा ओल्या कनेक्टरचा किंवा डायोडचा असू शकतो.

हे पुरावे नव्हेत, पण शोध कुठून सुरू करायचा ते ठरतं.

फ्यूजची झडती

फ्यूज तपासायचे दोन मार्ग आहेत. फ्यूज उपटत जाणं हा सगळ्यांना माहीत असलेला. मला दुसरा आवडतो, कारण त्यात गाडीला हात न लावता कळतं.

चपट्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. बॅटरीची केबल नेहमीसारखी जोडलेली ठेवा, मीटर डीसी २०० मिलीव्होल्टवर ठेवा, दोन्ही टोकण्या एकमेकींना टेकवून ००.० येतो ना ते बघा, आणि मग प्रत्येक फ्यूजच्या दोन ठिपक्यांवर टेकवा. फ्यूजलाही थोडा रोध असतो. लाल, १० अँपिअरच्या फ्यूजचा सुमारे ७ ते ८ मिलीओहम, निळ्या १५ च्याचा ५ च्या आसपास. म्हणजे लाल फ्यूजवर ०.७ मिलीव्होल्ट दिसले तर त्यातून साधारण १०० मिलीअँपिअर वाहतोय. ज्या फ्यूजवर आकडा शून्य, तो निर्दोष. किल्ली काढल्यावर मृत व्हायला हवेत अशा फ्यूजवर काही दिसलं, तर इग्निशन स्विच आतून पूर्ण सुटत नाही किंवा त्या ओळीला कुठूनतरी परस्पर करंट मिळतोय.

फ्यूजबॉक्स स्टिअरिंगखाली असतो, म्हणजे दार उघडावं लागणार. दाराच्या चौकटीतला बटणासारखा स्विच टेपने दाबून ठेवा. नाहीतर केबिनच्या दिव्याचा करंटच तुम्ही अर्धा तास शोधत बसाल. काचेचे फ्यूज असलेल्या खूप जुन्या गाडीतही दोन्ही टोपणांवर टोकण्या ठेवून हेच करता येतं.

उपटण्याच्या पद्धतीत आधी फ्यूजबॉक्सचा फोटो काढा. मग मीटर बॅटरीला जोडलेला ठेवून एकेक फ्यूज काढा. कोणीतरी मीटरकडे बघणारा सोबत असला तर बरं, नाहीतर मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ चालू ठेवा. काढलेला फ्यूज लगेच परत बसवू नका : एकाच वस्तूला दोन फ्यूजमधून करंट मिळत असेल तर एकेक काढून-घालून काहीच कळत नाही, आणि परत बसवताना झोपलेले मॉड्यूल जागे होतात. कागदावर फ्यूजचं नाव, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. ०.४२ वरून ०.०३ अशी धाडकन घसरण झाली की ओळ सापडली. बॉनेटखालचा दुसरा फ्यूजबॉक्स विसरू नका.

बंद गाडीत करंट जातो त्या ओळी मोजक्याच असतात : केबिन-डिक्कीचे दिवे, घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी, हॉर्न, ब्रेक लाइट, हॅझार्ड, सेंट्रल लॉक, बहुतेक जुन्या गाड्यांत पार्किंग आणि हेडलाइटचा पुरवठा, पंख्याचा रिले आणि इंजिन कॉम्प्युटरची मेमरी. वायपर, पॉवर विंडो, ब्लोअर सहसा किल्लीवर चालतात. तिथे वेळ घालवण्याआधी या ओळी संपवा.

ओळ सापडली, वस्तू कोणती?

एका फ्यूजवर तीन-चार वस्तू असतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा फ्यूजबॉक्सच्या झाकणावर त्यांची यादी मिळते. फ्यूज परत बसवा, गाडी शांत होऊ द्या आणि त्या ओळीवरच्या वस्तूंचे कनेक्टर एकेक करून सोडवा. बल्ब काढा, स्टिरिओचा मागचा कनेक्टर काढा, लॉकचं युनिट सुटं करा. ज्या क्षणी आकडा पडतो ती वस्तू. सगळं सोडवूनही आकडा हलला नाही तर दोष वायरीतच, आणि पार्किंगमध्ये उंदीर असतील तर तो बहुधा त्यांचाच प्रसाद.

स्टिरिओबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेरून बसवलेला स्टिरिओ हा नेहमीचा संशयित आहे. त्याच्या मागे पिवळी वायर कायम करंटची, लाल वायर किल्लीवरची, काळी अर्थ. किल्लीवरची वायर शोधायचा कंटाळा आला, किंवा ‘गाडी बंद असतानाही गाणी लागली पाहिजेत’ अशी मालकाचीच फर्माईश असली, की बसवणारा पिवळी आणि लाल एकत्र पिळून टाकतो. मग स्टिरिओ बंद दिसला तरी अर्धवट जागा राहतो. उपाय सोपा : लाल सोडवून किल्लीसोबत मरणाऱ्या वायरीवर घ्या. निळी, किंवा पांढऱ्या पट्ट्याची निळी, वायर ॲम्प्लिफायरला ‘जागा हो’ सांगते. तीही कायम करंटवर जोडलेली असेल तर ॲम्प्लिफायर दिवसरात्र चालू राहतो आणि काही न वाजवता अर्धा अँपिअर सहज खातो.

रिलेचा संशय असेल तर शेजारचा त्याच नंबरचा रिले त्याच्या जागी लावून बघा. संपर्क चिकटलेला रिले हलक्या टिचकीने सुटतो, पण त्यावर समाधान मानू नका. तो पुन्हा चिकटणार, बदलूनच टाका.

सगळे फ्यूज काढले तरी आकडा तोच

इथे बरेच जण हात टेकतात. फ्यूजबॉक्सच्या बाहेरच्या वाटा तीन.

पहिली, अल्टरनेटर. त्याच्या मागच्या बोल्टवरची जाड वायर जवळजवळ थेट बॅटरीला जाते आणि केबिनमधल्या फ्यूजबॉक्सशी तिचा संबंध नसतो. ती सोडवायची तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल पूर्ण काढा, कारण बोल्ट कायम जिवंत असतो आणि पाना इंजिनला लागला तर ठिणग्यांचा पाऊस पडेल. बोल्टवरची वायर काढून टोकाला टेप गुंडाळा, लहान कनेक्टरही काढा, आणि मीटर पुन्हा जोडा. आकडा पडला तर दोष अल्टरनेटरात. पूर्ण नवा घेण्याची घाई नको. अल्टरनेटर-सेल्फची दुरुस्ती करणारे कारागीर डायोड प्लेट किंवा रेग्युलेटर बदलून देतात.

दुसरी, बॅटरीवरून परस्पर घेतलेल्या वायरी. सीएनजीच्या सिक्वेन्शियल किटला थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजमधून पुरवठा असतो. तो फ्यूज काढून बघा. किटच्या कॉम्प्युटरमध्ये स्वतः काही जोडाजोड करू नका, ते काम किट बसवणाऱ्याचं. बाकीच्या उपऱ्या वायरी टर्मिनलवरून एकेक सोडवा.

तिसरी, ज्या वस्तू आपण वस्तू मानत नाही. डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (गॅरेजवाले तपासणीचं यंत्र जोडतात त्याला) कायम बॅटरीचा करंट असतो, त्यात खोचून विसरलेला डोंगल रात्रंदिवस चालतो. किल्ली काढल्यावरही चालू राहणाऱ्या सिगारेट लायटरच्या सॉकेटमधला मोबाइल चार्जर आणि डॅशकॅमही तसेच.

कधी उतरते, कधी नाही

मोजताना सगळं ठीक आणि आठवड्यातून एकदा गाडी बंद, हा प्रकार सर्वात वैताग देणारा. तेव्हा वहीत लिहा : गाडी कुठे उभी होती, पाऊस होता का, उतारावर होती का, रिमोटने लॉक केली की किल्लीने, शेवटी काय चालू होतं. पावसानंतरच होत असेल तर मागच्या दिव्यांचे होल्डर, डिक्कीच्या रबराखालचा जोड आणि फ्यूजबॉक्समागचा हिरवा पडलेला कनेक्टर बघा. फक्त रिमोटने लॉक केल्यावर होत असेल तर दाराचं लॉक पूर्ण बसत नसेल आणि युनिट पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असेल. इंजिन तापलेलं असताना बंद केल्यावरच होत असेल तर रेडिएटरच्या पंख्याच्या रिलेकडे बघा. कमाल-किमान आकडा लक्षात ठेवणारा मीटर असेल तर तो रात्रभर जोडून ठेवता येतो.

दोष सापडेपर्यंत बॅटरीचं नुकसान टाळायला निगेटिव्ह टर्मिनलवर फिरकीचा कट-ऑफ स्विच बसवा. शिसं-ॲसिडची बॅटरी वारंवार पूर्ण उतरली की तिच्या प्लेटवर कठीण सल्फेट साचतं आणि गळती बंद केली तरी ती पूर्वीइतकी भरत नाही. कट-ऑफ केल्यावर घड्याळ शून्यावर जाईल, काही स्टिरिओ कोड मागतील (तो आधी शोधून ठेवा), आणि एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं) इंजिन पहिली काही मिनिटं आयडलला जरा वर-खाली करेल.

दुरुस्तीनंतर मीटर पुन्हा जोडून स्थिर आकडा लिहून घ्या. आधी ०.४२ होता आणि आता ०.१५ आहे, तर काम अर्धंच झालं. जुन्या गाडीत दोन गळत्या एकत्र असणं मुळीच नवल नाही. केबल परत जोडताना निगेटिव्ह शेवटी, टर्मिनल घासून स्वच्छ, वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात.

डॅशबोर्डमागची वायरिंग उकलणं किंवा इग्निशन स्विच बदलणं जमणारं नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या, पण ‘बॅटरी उतरते, बघा जरा’ असं सांगू नका. ‘बंद गाडीत ०.४२ अँपिअर जातो, केबिन लॅम्पचा फ्यूज काढला की ०.०३ होतो, अल्टरनेटर सोडवून बघितला, फरक नाही’ असं सांगा आणि तो कागद त्याच्या हातात द्या.